रजईच्या कोपऱ्यातला बाण

पार्सल फोडलं आणि सगळ्यात आधी रजईचा कोपरा उलटून पाहिला. बाण! नखाएवढा निळा बाण. माझं डोकंच फिरलं. रजई तशीच सोफ्यावर आपटली आणि बाल्कनीत पेपर वाचत बसलेल्या नवऱ्याला हाक मारली, "अहो, या जरा आत. बघा तुमच्या कोर्समेटचे प्रताप."

हे आले, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला, कोपरा निरखून पाहिला आणि म्हणाले, "काहीतरी गैरसमज असेल." गैरसमज डोंबलाचा! फौजेतल्या माणसाला दोन डोंगरांपलीकडचा शत्रू दिसतो, पण मित्राची लबाडी नाकासमोर धरली तरी दिसत नाही. मी तसं म्हणालेही. ते रजईची घडी घालत बसले.

आम्ही साताऱ्याकडचे. फौजी माणसाशी संसार म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड. शेवटचं पोस्टिंग जयपूरला झालं आणि हे कर्नल म्हणून निवृत्त झाल्यावर इथेच राहिलो, कारण तोवर माझं रजयांचं काम उभं राहिलं होतं. सांगानेरच्या एका कारखान्यात मी लाकडी ठशांनी कापड छापून घेते, कापूस पिंजून भरून घेते, हातानं टाके घालून घेते आणि माझ्या स्वतःच्या ब्रँडखाली विकते. थोडा माल दुकानांना, थोडा ऑनलाइन विक्रेत्यांना. या धंद्यात मी फार थोड्या गोष्टींवर अडून बसते, पण एकीवर बसतेच. ठरवलेल्या किमान भावाखाली माझी रजई कुणी विकायची नाही.

लोक विचारतात, तुम्हाला तुमचे पैसे मिळाले ना, मग कुणी स्वस्तात विकली तर तुमच्या पोटात का दुखतं? दुखतं बाई! एक जण फोनवर भाव पाडतो, ते पाहून दुसरा पाडतो, आणि मग दुकानात पूर्ण भावानं विकणारा प्रामाणिक माणूस गिऱ्हाइकाच्या नजरेत चोर ठरतो. तो माल परत पाठवतो. शेवटी सगळे मिळून माझ्याकडे भाव कमी मागतात, आणि मी कुणाकडे मागायचा? सांगानेरला उन्हातान्हात उभं राहून ठसा मारणाऱ्याकडे?

वकिलानं बजावलं होतं, "विकणाऱ्यानं काय भाव लावावा हा हुकूम तुम्ही सोडू नका, उलट तुमच्यावरच शेकेल. पण माल कुणाला द्यायचा हे तुमच्या हातात आहे." म्हणून मी सगळ्यांना एकच कळवून ठेवलं होतं. भाव पाडलात की पुढचा माल बंद. अपवाद नाही, कुणालाही नाही. आणि माल कुठून फुटतोय हे कळावं म्हणून प्रत्येक विक्रेत्याच्या रजयांच्या कोपऱ्यात वेगळा बारीक ठसा मारून घ्यायला लागले. पुण्याच्या दुकानाला कैरी, एका ऑनलाइनवाल्याला घंटा, दुसऱ्याला मासा. गिऱ्हाइकाला ती नक्षी वाटते.

बाण होता यांच्या कोर्समेटचा. कोर्समेट म्हणजे अकादमीत एकाच तुकडीत रगडून निघालेले. फौजेत भावापेक्षा कोर्समेट मोठा. त्याला हिशेब विचारायचा नाही, त्याला नाही म्हणायचं नाही, आणि त्याच्या माघारी त्याच्या बायकामुलांकडे बघायचं. हा गृहस्थ लवकर निवृत्त झाला, जयपूरजवळ बस्सीला गोदाम घेतलं आणि कसले कसले व्यापार करू लागला. माझ्याकडून रजया न्यायचा त्या फौजी बायका मदतनिधीसाठी मेळे भरवतात तिथं विकायला म्हणून. भलं काम आहे म्हणून मी त्याला सगळ्यांत कमी भाव लावला होता. आणि हा पठ्ठ्या कुठल्याशा भलत्याच नावानं त्याच रजया ऑनलाइन, माझ्या किमान भावाच्या कितीतरी खाली विकत होता. भल्याचा जमाना नाही म्हणतात ते काही उगीच नाही.

हे सगळं मी उकरून काढलं ते जयपुरातल्याच जगतपुऱ्याच्या एका दुकानापायी. ते दुकान यांच्या आणखी एका कोर्समेटच्या बायकोचं. तो बिचारा नोकरीत असतानाच गेला, सकाळी पळायला म्हणून बाहेर पडला आणि परत आला नाही. ती मूळची अमरावतीकडची. दीर म्हणाले, इकडे या, आमच्यात राहा. ती गेली नाही. जगतपुऱ्यात फ्लॅट होता, त्याच्याच खाली एक गाळा घेतला आणि माझ्या रजया ठेवल्या. आजूबाजूला इंजिनिअरिंगची कॉलेजं, होस्टेलं. पोरांना सोडायला आलेले आईबाप जाताना पोरासाठी एक रजई घेतातच. तिच्या मालाला मी चिमणीचा ठसा दिला होता, तिनंच निवडला होता तो.

"पेन्शनवर पोट भरतं ताई," ती मला एकदा म्हणाली होती, "पण दुकान आहे म्हणून मी सकाळी उठून वेणीफणी करते. हे बंद झालं तर मला दिराच्या घरी मागच्या खोलीत जाऊन बसावं लागेल. तिथं गेले की मी संपले, लिहून घ्या."

पावसाळा सरता सरता मी तिच्याकडे गेले होते तेव्हा माझ्यासमोर एक बाई आली. चांगली गाडीतून उतरलेली. चार रजया उलगडायला लावल्या, गालाला लावून पाहिल्या, वजन पाहिलं, नक्षीचा फोटो काढला. मग तिथेच, दुकानातल्याच स्टुलावर बसून, फोनवरून तीच रजई मागवली. वर म्हणते कशी, "आप लोग तो लूटते हो जी, ऑनलाइन देखिए कितने की है." चोराच्या उलट्या बोंबा! माझ्या ओठांवर शब्द आले होते, पण दुकान माझं नव्हतं.

ती बाई गेल्यावर ही उलगडलेल्या रजयांच्या घड्या घालत म्हणाली, "रोजचंच आहे. लोक येऊन राहिले, हात लावून पाहून राहिले, अन् मागवून राहिले फोनवरून. मी काय म्युझियम उघडलं का हो ताई?" हिवाळा हाच तिचा हंगाम. तो गेला तर गाळ्याचं भाडंही निघणार नव्हतं. मी तिला शब्द दिला की थंडी सुरू व्हायच्या आत हे बंद पाडते, मग तो कुणी का असेना. घरी येऊन ती स्वस्तातली रजई मागवली, आणि कोपऱ्यात निघाला बाण.

"आजच्या आज त्याचा माल बंद," मी यांना म्हटलं.

"बंद कर. पण आधी मी त्याला तोंडावर सांगतो. पाठीमागून वार करायची आपली रीत नाही."

"अहो, तो करतोय तो काय पुढून करतोय?"

"म्हणून आपणही तसंच करायचं?"

मला दुसऱ्याच दिवशी आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी साताऱ्याला जायचं होतं. कारखान्याला परत आल्यावर कळवू म्हणून मी चरफडत बॅग भरली. हे इस्त्रीचा शर्ट घालून बस्सीला गेले आणि संध्याकाळी प्रसन्न मुद्रेनं परत आले. त्यानं म्हणे चूक कबूल केली, मिठी मारली, जेवल्याशिवाय सोडलं नाही. "बघ, माणूस वाईट नाही," मला ऐकवण्यात आलं.

मी साताऱ्यात आईच्या डोळ्यांत थेंब घालत होते तेव्हा तो वाईट नसलेला माणूस टेम्पो घेऊन सांगानेरच्या कारखान्यात गेला. मुलीचं लग्न ठरलंय, वऱ्हाडातल्या प्रत्येकाला रजई द्यायचीय, हंगामाचा जेवढा तयार माल आहे तेवढा सगळा हवा. नोटा काढून समोर ठेवल्या. कारखान्यातल्या माणसाला शंका आली, त्यानं मला फोन लावला. मी नेमकी डॉक्टरांपुढे बसलेली. म्हणून त्यानं साहेबांना लावला. आणि आमचे साहेब काय म्हणाले? "कोर्समेटच्या मुलीचं लग्न आहे भैया, दे दो."

दे दो! आयजीच्या जिवावर बायजी उदार. वर त्या भल्या माणसानं कारखान्यातच उभं राहून, बाकीच्यांसाठी वेगळा काढलेला मालसुद्धा उचलला. कोपऱ्यात ठसे नंतर मारायचे असतात, सगळ्या रजया कोऱ्याच होत्या. त्या दिवशी त्यानं जे नेलं त्यातच चिमणीचा ठसा मारायचा जगतपुऱ्याचा मालही गेला.

मी परत आले ते कळूनच आले. आयुष्यात यांच्यावर इतकी ओरडले नसेन. म्हटलं, "शत्रूला हल्ल्याची वेळ कळवून मग हल्ला करायला तुम्हाला कुठल्या अकादमीत शिकवलं?" म्हटलं, "लग्नाची पत्रिका तरी मागायची!" हे म्हणाले, "कोर्समेटकडे पत्रिका मागतात का?" खरंच असं म्हणाले. एवढा मोठा माणूस, आयुष्यभर शेकडो जवान ज्याच्या शब्दावर चालले, तो माझ्यासमोर शाळेतल्या पोरासारखा उभा होता, आणि मला त्याची कीव करायलासुद्धा फुरसत नव्हती इतका राग आला होता.

त्याला फोन लावला. मी तोंड उघडायच्या आतच तिकडून लाडीगोडी, "अरे भाभीजी! कैसी हैं?" मी म्हटलं, लग्न कधी आहे ते सांगा, आहेर घेऊन येते. तो हसला. "लड़केवाले पलट गए भाभीजी. अब माल पड़ा है तो बेचूँगा ही ना? बिज़नेस है." मी त्याला जगतपुऱ्याच्या दुकानाची आठवण करून दिली. कुणाची बायको आहे ती, कुणाच्या खांद्याला खांदा लावून तू परेड केलीस, ज्याच्या तिरडीला तू खांदा दिलास त्याची बायको. यावर तो म्हणाला, "उनको बोलिए मुझसे ले लें. सस्ता दूँगा." मेल्या, तुझी जीभ झडो, असं मी मराठीतच म्हणाले आणि फोन ठेवला. जगतपुऱ्याला जाऊन तिला मात्र सगळं सांगावं लागलं, यांच्या 'दे दो'सकट.

त्याचा पुढचा माल बंद केला, पण त्याला पुढचा माल हवाच कशाला होता? त्याच्या गोदामात माझा अख्खा हिवाळा भरलेला होता. वकील म्हणाला, विकलेला माल त्याचा, तो फुकट वाटेल नाहीतर जाळेल. ऑनलाइन बाजाराच्या कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की भाव विक्रेता ठरवतो, आम्ही फक्त जागा देतो, आणि आपल्या समस्येबद्दल आम्हाला खेद आहे. खेद! त्या कंपनीच्या दारात माझ्या नावाचा बाजार मांडलाय, त्यावर स्वतःची वर आणखी सूट लावलीय, आणि त्यांना खेद आहे. पुढे घंटावाल्यानं भाव पाडला. मी त्याचा माल बंद केला. मासावाल्यानं पाडला, त्याचाही केला. कोर्समेटांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की एका मित्राच्या पोटावर दुसऱ्याची बायको पाय देतेय. त्यावर चाळीस-पन्नास शूरवीर होते, एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. आमच्या यांच्याही नाही.

कारखान्यात दिवसरात्र जुंपून जगतपुऱ्यासाठी नवा माल केला, तो थंडी अर्धी सरल्यावर तयार झाला. कोपऱ्यात चिमणी मारून पाठवला. तेवढ्यात बस्सीचं गोदामही आटलं, आणि एका सकाळी पाहिलं तर ऑनलाइन कुठेही माझी रजई किमान भावाच्या खाली नव्हती. जिंकले होते मी! यांना म्हटलं, गाडी काढा, तिला जाऊन सांगू. वाटेत मी पेढेसुद्धा घेतले.

दुकानाच्या काचेवर कागद चिकटवलेला होता. 'दुकान खाली करना है. हर रजाई आधे दाम पर.' आत ती एका बापलेकाला रजई बांधून देत होती. मांडण्या बहुतेक रिकाम्या झाल्या होत्या. अमरावतीहून दीर आला होता, तो खोकी बांधत होता.

"या ताई," ती म्हणाली. "तुम्ही ऑनलाइनवाल्यांना बंद करून राहिले, अन् इकडे मीच भाव पाडला बघा. अपवाद नाही म्हणाल्या होत्या ना? करा माझाही माल बंद." आणि हसली. मला तिचं हसणं बघवेना. पेढ्यांचा पुडा मी पर्समध्ये कोंबला. मला एका दमात त्या कोर्समेटला, त्या कंपनीला, त्या गाडीवाल्या बाईला आणि माझ्या स्वतःच्या नवऱ्याला धरून बडवावंसं वाटत होतं.

हे दारातच उभे होते. मग पुढे आले, मांडणीवर राहिलेली एक रजई उचलली, तिचा कोपरा उलटून चिमणीवर अंगठा फिरवला आणि खाली मान घालून म्हणाले, "वहिनी, ही मी घेतो. अर्ध्यात नको, पूर्ण किंमत सांगा."

तिनं रजई यांच्या हातातून काढून घेतली, नीट घडी घातली आणि परत जागेवर ठेवली.

"पूर्ण किमतीची एवढी काळजी होती भाऊजी, तर त्या दिवशी फोनवर नाही म्हणायचं होतं."