खारदेवाची भेट

काल्हेर गावाच्या मागे खाडीकडे उतरलं की पूर्वी आक्काचं भाताचं शेत लागायचं. शेताच्या टोकाला भरतीचं पाणी अडवणारा बांध, बांधावर करंजाचं झाड आणि झाडाखाली खारदेव. खारदेव म्हणजे शेंदराचा गुळगुळीत गोळा, आक्काच्या कमरेएवढा उंच, त्यात बसवलेले चांदीचे दोन डोळे. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून जुन्या लोकांनी त्याला तिथे बसवला, असं आक्काची सासू सांगायची. आक्का लग्न होऊन आली आणि सासूने शेंदूर-तेलाची वाटी तिच्या हातात दिली. तेव्हापासून देवाचं सगळं तिच्याकडेच राहिलं.

नवरा केसरीनाथ रेतीच्या होडीवर होता. खाडीत बुडी मारायची, तळाची रेती बादलीत भरायची आणि वर यायचं, हे त्याचं काम. एका दुपारी त्याने बुडी मारली आणि तो वर आलाच नाही. गावातले पुरुष पाण्यात शोधत होते, तेव्हा आक्का खारदेवापुढे बसून होती. तिने त्याला काय काय कबूल केलं ते तिचं तिलाच माहीत. केसरीनाथ सापडला तो ओहोटीला, खारफुटीत अडकलेला.

त्यानंतर कित्येक महिने ती बांधाकडे फिरकली नाही. पुढे नारळी पुनव आली. जाता-येता देव कोरडा, धुळीने माखलेला दिसायचा. ते तिला बघवेना, म्हणून वाटी घेऊन गेली. पण त्याच्याशी बोलणं मात्र तिने सोडलं ते सोडलंच. शेंदूर लावायची, नारळ ठेवायची आणि मुकाट्याने घरी यायची.

मुलगा मनोज मोठा झाला तोवर आजूबाजूच्या शेतांवर भराव पडून गोदामं उभी राहिली होती. मधल्या त्यांच्या तुकड्यात पाणी तुंबायचं, भात कुजायचा. मनोजने शेत गोदामाला द्यायचं ठरवलं, तेव्हा आक्काने सही केली. नाही म्हटलं असतं तर त्या तुंबलेल्या पाण्यात पिकवलं तरी काय असतं?

बांध फोडताना जेसीबीचा धक्का लागला आणि खारदेवाच्या शेंदराचं भलं मोठं कवच निघून पडलं. आत कोरीव दगड होता. कोणीतरी मोबाइलवर फोटो काढला, तो कुठून कुठे फिरला आणि संग्रहालयाची माणसं आली. देव गावच्या देवळात नेऊन ठेवतो, असं मनोज त्यांना सांगून पाहत होता. इतका जुना दगड असा ठेवता येत नाही, आमच्याकडे नीट राहील, असं ते म्हणाले. आक्काला कोणी विचारलं नाही, असंही झालं नाही. चालेल ना आजी, असं त्यांच्यातल्या एका बाईंनी अगदी हात धरून विचारलं. आक्काने मान डोलावली. दगड गाडीत चढला आणि गाडी ट्रकांच्या रांगेत दिसेनाशी झाली.

पुढच्या वर्षी नारळी पुनवेच्या आधीच्या रविवारी सूनबाई भावनाने सहल ठरवली. सकाळी संग्रहालय, मग अकलोलीची गरम पाण्याची कुंडं, येताना वज्रेश्वरीचं दर्शन. आईंना त्यांचा देव दाखवून आणू, असं तीच म्हणाली. आक्काने ठेवणीतलं लुगडं नेसलं. पिशवीत नारळ, तेल आणि शेंदराची पुडी घेतली.

संग्रहालयाच्या दारावरच पिशवी ठेवून घेतली. आत तेल-नारळ चालत नाही, जाताना परत मिळेल, असं पहारेकऱ्याने समजावलं. आक्का रिकाम्या हाताने आत गेली. थंडगार दालनात दगड ओळीने उभे होते आणि प्रत्येकावर दिव्याचा झोत सोडलेला होता. एका दगडापुढून ती तशीच पुढे गेली. नात ऋतिका पाटी वाचत मागे राहिली होती. तिने हाक मारली, "आजी, हाच."

आक्का मागे आली. काळा, उभट दगड. ना शेंदूर, ना डोळे.

"ह्यो न्हाय," ती म्हणाली.

तेवढ्यात त्या दिवशी हात धरून विचारणाऱ्या बाई आल्या. त्यांचं नाव तनया. त्यांनी आक्काला लगेच ओळखलं, खुर्ची मागवली, डोळे कपाटात जपून ठेवलेत म्हणून सांगितलं. मग दगडावरची चित्रं एकेक करून समजावली. खाली होडी आहे, तिच्यात वल्ही मारणारे आहेत. मध्ये हातात तलवार घेतलेला आणि मग कोसळलेला माणूस. वर तोच माणूस स्वर्गात, शंकराच्या पिंडीपुढे हात जोडून बसलेला. हा वीरगळ आहे, लढाईत मेलेल्याच्या आठवणीचा दगड.

"म्हंजे देव न्हाय ह्यो?"

"लोकांनी देव मानलं, आजी. आधी माणूसच होता."

"पान्यात मेला?"

"हो. नावेच्या लढाईत."

आक्का खाली वाकून त्या नावेकडे बघत राहिली. शेंदराचे इतके थर तिनेच चढवले होते, पण त्याखाली होडी असेल हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. तिचा हात आपोआप पुढे गेला. मध्ये दोरी होती. हात लावू नका, दगडाला घाम लागतो, असं तनयाबाई हळूच म्हणाल्या. इतक्या मायेने म्हणाल्या की त्यांच्यावर रागावताही येईना. मनोजने विचारून पाहिलं, वर्षातून एकदा, पुनवेला, नुसतं तेलाचं बोट लावू द्याल का? वर विचारते, असं त्या म्हणाल्या, पण विचारण्याआधीच त्यांच्या चेहऱ्यावर उत्तर दिसत होतं. मनोज दुसऱ्याच दगडाची पाटी वाचायला लागला. आईकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही.

अकलोलीला रविवारची गर्दी होती. भावनाने सगळ्यांचे फोटो काढले, डबे उघडले. आक्काने भाकरीचा तुकडा मोडून हातातच धरून ठेवला. कुंडाच्या पायरीवर, कढत पाण्यात पाय सोडून ती बसली. ऋतिका शेजारी येऊन बसली.

मग आक्काच म्हणाली, "तुझा आजा पान्यात गेला तवा मी खारदेवाकडं माझा मानूस मागितला व्हता. त्यानं दिला न्हाय म्हनून इतकी वर्सं त्याच्याशी बोलले न्हाय. त्याच्या तरी हातात काय व्हतं? त्योच पान्यात मेलेला."

ऋतिकाने तिचा हात धरला. परत संग्रहालयात जाऊया का, आत्ता बोल त्याच्याशी, असं तिने विचारलं. आक्काने नकारार्थी मान हलवली. तिथे दिव्याखाली, इतक्या परक्या माणसांत कसं बोलायचं? आणि जिथे बोलता आलं असतं तिथे आता गोदामाची फरशी होती. वज्रेश्वरीच्या पायऱ्या ती चढली, सगळ्यांबरोबर हात जोडले, पण मागितलं काहीच नाही.

घरी पोचले तेव्हा शेजारची तुळजा ओट्यावर वाट बघत बसली होती. तिचंही सासर-माहेर गावातलंच, खारदेवाला नारळ देत आलेलं. देव भेटला का, कसा हाय, असं तिने विचारलं. आक्का चपला काढता काढता थांबली. त्याचे डोळे काढलेत हे सांगावं की तो देवच नव्हता हे सांगावं, तिला कळेना.

"बरा हाय," ती म्हणाली. "सावलीत ठेवलाय."

तुळजाला बरं वाटलं. या पुनवेला आपल्यालाही घेऊन चल, असं तिने सांगितलं. आक्का हो म्हणाली आणि आत गेली.