दर्शनाचं शेवटचं पान

दर्शना कुठल्याही यंत्रापुढे बसली की आधी त्याला कान लावायची. आमच्या वसईच्या पॉलिटेक्निकात बाकीची मुलं संगणकाचं बटण दाबून मोकळी व्हायची. ही डब्यावर गाल टेकून डोळे मिटायची. "पंखा घासतोय, मॅडम." आणि पंखा घासतच असायचा. पाचूबंदरच्या कोळ्याची पोर ती. बापाच्या होडीचं इंजिन ऐकत वाढलेली.

मी तिची मॅडम. तेव्हा पंचेचाळिशीची, कडक इस्त्रीची साडी, हातात तांबडं पेन. आज मला मोबाइल शिकवताना नातवंडं कपाळाला हात लावतात. तेव्हा मात्र माझी समजूत होती की वसईतला प्रत्येक संगणक मला विचारूनच सुरू होतो.

तिच्या शेवटच्या वर्षी, दोन हजार सहा-सातच्या सुमाराला, ती एक अर्ज घेऊन आली. परदेशातली काही मंडळी एक प्रोग्राम बनवत होती, कुणीही उघडून बघावा, सुधारावा असा. नव्या संगणकात तो जुन्या संगणकाचं सोंग घ्यायचा. सोंग झकास, पण आवाजात फसायचं. जुन्या साउंड कार्डाचे सूर तुटत यायचे. अशी दुरुस्ती सुचवणाऱ्या विद्यार्थ्यांतून काही जणांना ती मंडळी उन्हाळ्यात हाताशी घेऊन शिकवायची. दर्शनाने आमच्या भंगाराच्या कपाटातून खरं कार्ड शोधून महिनाभर ऐकलं होतं. निवड झाली तर बाप पुढे इंजिनिअरिंगला घालणार होता. नाहीतर बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात कारकुनी ठरलेलीच.

अर्ज चांगला होता. पण शेवटच्या पानावर मथळा: 'मला अजून न जमलेलं'. खाली प्रामाणिकपणे लिहिलेलं, तीन सूर फाटतात, का ते कळत नाही, मदत लागेल.

"हे काय गं? स्वतःच्या उणिवा कुणी अर्जात लिहितं?"

"आमच्याकडं होडी विकायची तर आधी गळती दाखवतात, मॅडम. पानी कुठून येतं ते गिऱ्हाइकाला कळलं, की मग तो बाकीच्या लाकडावर भरवसा ठेवतो."

"ही होडी नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, कळलं?"

ती म्हणाली, "पन मॅडम..." माझ्या सहीच्या पत्राशिवाय अर्ज जाणार नव्हता. मी पानावर तांबड्या शाईत 'अनावश्यक' लिहिलं, ते काढून घेतलं आणि त्या जागी स्वतःचं एक वाक्य घातलं: 'हा प्रकल्प निश्चितपणे यशस्वी होईल.' वाक्यावर मी इतकी खूश, की स्टाफरूममध्ये दोनदा वाचून दाखवलं!

उत्तर आलं ते दर्शनाने लॅबमध्ये मला वाचून दाखवलं. काम त्यांना आवडलं होतं. पण कुठे अडेल याचा अर्जात एक शब्दही नाही, तेव्हा भरवसा धरता येत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी म्हणाले, "नशीब असतं गं." खोटारडी कुठली! चूक माझी, हे एवढं म्हणायला माझी जीभ झिजली नसती. ती बर्फाच्या कारखान्यात लागली.

निवृत्त झाल्यावर ड्रॉवर आवरताना ते पान सापडलं. पर्समध्ये घालून मी पाचूबंदर गाठलं. बर्फाच्या कारखान्यातून दर्शना बाहेर आली, हातात पावतीपुस्तक, कानामागे पेन.

"मॅडम! बोंबील घ्यायला आलात?"

मी पान पुढे केलं. "माफी मागायला आले गं."

तिने पान वाचलं, माझा शेरा वाचला आणि हसली. "यातले दोन सूर मी त्याच उन्हाळ्यात बसवले. नाक्यावरच्या सायबर कॅफेत बसून."

"मग पाठवलेस ना त्यांना?"

"नाही. तिसरा फाटतच राहिला."

"अगं, दोन तर पाठवायचे! तिसरा कसा बसवायचा ते त्यांनी सांगितलं असतं."

"फाटका सूर दाखवायचा कसा, मॅडम?" ती अगदी सरळपणे म्हणाली. "झाकली मूठ, तुम्हीच म्हणाला होतात."

आतून तिला कुणीतरी हाक मारली. पान माझ्या हातात ठेवून ती गेली.

तीन वर्षं मी तिला शिकवत होते. त्यातलं हेच तिने लक्षात ठेवलं.