इस्माईलचाचांची होडी आणि दहा करवंट्या

पहिलीच्या वर्गाला शिकवणाऱ्या बाईकडे किस्से साठतात, ते तिला आवड आहे म्हणून नव्हे. दिवसभरात मोठ्या माणसाशी बोलायला मिळत नाही, मग संध्याकाळी भेटेल त्याला ती ते ऐकवते. मी नऊ वर्षं आरोंद्यात आहे. माझ्या बहिणीने हल्ली फोन उचलणंच कमी केलंय.

वजाबाकी शिकवत होते. म्हटलं, "टोपलीत पाच बांगडे आहेत. दोन शेजाऱ्यांना दिले. किती उरले?"

"पाच," सर्वेश म्हणाला.

"दोन दिले ना रे?"

"शेजाऱ्यांका कशाक देवचे? तेंची पण होडी मासे मारूक गेली हा."

खाडीकाठच्या गावात हे उदाहरण घेणं ही चूक माझीच. पुस्तकातली सफरचंदं बरी म्हणायची.

रेहानला तीन अंकी संख्या कशी येते, हे मला कळत नव्हतं. आम्ही अजून वीसपर्यंतच होतो. फळ्यावर सहज ३१२ लिहिलं आणि विचारलं, हे काय?

"इस्माईलचाचांची होडी."

धक्क्यावरच्या होड्यांच्या नंबरांचे शेवटचे आकडे त्याला पाठ होते. मग मी ३१३ लिहिलं. त्याने बराच वेळ पाहिलं.

"ही आपल्या गावची न्हय, बाई."

वाचन वाढावं म्हणून पालकांना सांगितलं, गणपतीच्या सुट्टीत रोज दहा मिनिटं गोष्टीचं पुस्तक घेऊन मुलाजवळ बसा आणि वहीत सही करा. सुट्टीनंतर वह्या आल्या. एकही दिवस चुकलेला नाही, सह्या ठसठशीत. पुस्तकं वाटायची राहिलीत, हे मला कपाट उघडल्यावर दिसलं.

आद्याच्या वहीत मात्र एकही सही नव्हती. तिची आई स्वतःच आली.

"बाई, माका येक अक्षर येणा नाय, सही खंयची करतलंय? पण तिका येवक व्हया. घरात माझा चेडू गप रवणा नाय. शाळेत कित्याक बोलणा नाय?"

जूनपासून आद्याने वर्गात एक आकडा उच्चारला नव्हता. मणी दे, खडे दे, ती नुसती बघत बसायची. केंद्रप्रमुख पडताळणीला येणार होते. दहापर्यंत मोजता न येणाऱ्यांच्या रकान्यात तिचं नाव मी पेन्सिलीने लिहूनही ठेवलं होतं. आईला ते सांगायची हिंमत झाली नाही.

केंद्रप्रमुख आले. वय झालेले, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी आद्याला काही विचारलंच नाही. अंगणातली वाळू, एक करवंटी आणि रिकामी छोटी बालदी तिच्यापुढे ठेवली. "भर बघू. किती करवंट्या लागतात?"

आद्या मांडी घालून बसली. करवंटी भरली, हाताने वरची वाळू सपाट केली, बालदीत ओतली आणि म्हणाली, "लाभ." मग दुसरी ओतली. "दोन." मग "तीन."

त्या 'लाभ'वर पोरं एकमेकांकडे बघत होती, आता सगळी हसली. ती थांबली, आणि मला जूनमधला पहिला आठवडा आठवला. तेव्हाही पोरं अशीच हसली होती आणि मी म्हटलं होतं, "लाभ काय गं? एक म्हण." मी कुडाळच्या बाजारपेठेत वाढले. खळ्यावर भात मोजताना पहिल्या मापाला एक न म्हणता 'लाभ' म्हणतात, हे मला ऐकून माहीत होतं, पण तेव्हा सुचलं नाही. आद्याचा आजोबा दरवर्षी तिला शेजारी बसवून भात मोजतो. मला फार लाज वाटली.

केंद्रप्रमुख हसले नाहीत. "पुढे?" म्हणाले.

"चार," आद्या म्हणाली. दहा करवंट्यांत बालदी भरली.

मी खोडरबर शोधायला लागले. तेवढ्यात केंद्रप्रमुख हजेरीसाठी मुलं मोजायला उठले. आद्यासमोर उभे राहिले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "लाभ." मग सर्वेशकडे वळले. "दोन."