चौथ्या मजल्यावरची पिशवी

मी एकटी इटलीला जातेय म्हटल्यावर बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी आधी विचारलं की कुठल्या टूरबरोबर, आणि टूर नाही म्हटल्यावर विचारलं की मग कोणाबरोबर. एकटी म्हणजे एकटी, हे पन्नाशीच्या बिनलग्नाच्या बाईने इथे जिन्यातल्या प्रत्येक वळणावर समजावून सांगायचं असतं. तसं आम्हा भाईंदरकरांना परदेशाचं अप्रूप नाही, शेजारी मीरा रोडला बेव्हर्ली पार्क आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर इटलीत पाकीट सांभाळा, तिथली माणसं बरी नसतात, असा सल्लाही दिला. ते स्वतः वापीच्या पुढे गेलेले नाहीत.

सेक्रेटरींशी माझं आधीच बिनसलं होतं, ते आईच्या पिशवीवरून. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. गिरगाव सोडून इथे आलो तेव्हा आई जिने सहज चढायची. मग गुडघे गेले आणि ती दोरीला कापडी पिशवी बांधून खिडकीतून खाली सोडायला लागली. खाली भाजीवाला हातगाडी लावायचा. आई वरून भाव करायची, भेंडी जून निघाली तर भरलेली पिशवी तशीच परत पाठवायची. आज आमच्याकडे कसली भाजी आहे ते अख्ख्या गल्लीला कळायचं. तिचं बाहेरचं जग तेवढंच होतं, आणि ते तिला पुरत होतं.

मग बिल्डिंगला रंग लागला, गेटवर नवं इंग्रजी नाव आलं आणि सेक्रेटरींना 'एलेव्हेशन' हा शब्द सापडला, म्हणजे बिल्डिंगचं समोरून दिसणारं रूप. एलेव्हेशन खराब होतं म्हणून बाहेर कपडे वाळत घालायचे नाहीत, कुंड्या ठेवायच्या नाहीत आणि पिशवी तर अजिबात सोडायची नाही. गेटसमोर उघडं गटार आहे, पण ते बहुधा एलेव्हेशनमध्ये येत नसावं. तेव्हापासून भाजी मोबाइलवरून येते. आई गुडघे धरत दारापर्यंत पोचेस्तोवर डिलिव्हरीवाला माल कडीला अडकवून गेलेला असतो. मी बँकेतून घरी येते तेव्हा ती टीव्ही न लावताच टीव्हीसमोर बसलेली असते. हे लिहितानाही माझं डोकं तापतंय.

तिच्या सोबतीला मावशीला बोलावून मी निघाले. नेपल्सला उतरल्यावर वाटलं, विमान फिरून भाईंदरलाच आलं की काय. एका स्कूटरवर तिघं, हॉर्नचा कलकलाट, लोंबकळणाऱ्या वायरी, कोपऱ्यात कचरा, दोन खिडक्यांतून दोन बायकांचं जुंपलेलं. फरक एवढाच की इथे लोक वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो काढत होते. कोणाच्या तरी चड्ड्या वाऱ्यावर हलताहेत आणि महागडा कॅमेरा घेतलेला एक गोरा माणूस जमिनीवर गुडघे टेकून अँगल शोधतोय, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

एका सकाळी माझ्या खोलीसमोरच्या घरातून एका म्हातारीने दोरीला बांधलेली टोपली खाली सोडली. दुकानदाराने पाव आणि टोमॅटो ठेवले. टोपली वर गेली, म्हातारीने काहीतरी सुनावलं, टोपली परत खाली आली आणि त्याने मुकाट्याने टोमॅटो बदलून दिला. भाषेचं अक्षर कळत नव्हतं, पण ते भांडण मला तोंडपाठ होतं.

मी त्या टोपलीचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, अगदी मुद्दाम. बदामांचा पाऊस पडला. कोणाला ते क्यूट वाटलं, कोणाला तिथे जाऊन राहावंसं वाटलं. सेक्रेटरींनी लिहिलं की हे लोक आपल्या परंपरा जपतात, आपल्याकडे कोणाला किंमत नाही.

दुसऱ्या दिवशी मी पॉम्पेईला गेले, दोन हजार वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं गाव बघायला. एकटीने फिरण्याचा मोठा फायदा म्हणजे कोणाच्याही गाइडमागे फुकट उभं राहता येतं. असाच एक गाइड सांगत होता की खाली दुकानं होती, वर माणसं राहायची, वरचे मजले बहुतेक सगळे गेले. बाकीचे दुकानाच्या दगडी ओट्याचे फोटो काढत होते. मी वर बघत होते. तिथे आता नुसतं आकाश होतं, पण तिथेही कोणाच्या तरी आईचे गुडघे दुखत असणार आणि तीही काहीतरी दोरीने खाली सोडत असणार, याची मला खात्री पटली. पुरावा मागायला तिथे सेक्रेटरी नव्हते.

तिथूनच मी त्यांना मेसेज केला. टोपली एवढी आवडली, तर मग आईच्या पिशवीचं काय? उत्तर लगेच आलं.

"ताई, टोपलीचं वेगळं आहे. पिशवी लटकवली की झोपडपट्टी वाटते."

समोर ज्वालामुखी अगदी गप्प उभा होता, उकळत मीच होते.

मी चॉकलेटं आणि फ्रिजवर चिकटवायची चित्रं घेऊन परत आले. टोपलीला बॅगेत जागा नव्हती. ती मी इथेच, भाईंदरच्या केबिन रोडवर घेतली, प्लास्टिकच्या बादल्यांमागे वेताच्या टोपल्या टांगलेल्या असतात त्यातली. माझ्या बॅगेचा विमानाचा टॅग काढून तिच्या कडीला अडकवला आणि चॉकलेटांसकट सेक्रेटरींच्या घरी गेले. ही नेपल्सची, तिथल्या आज्या हीच वापरतात, हिने एलेव्हेशन बिघडेल का, असं अगदी नम्रपणे विचारलं. त्यांनी टोपली उलटसुलट फिरवली, वेतावरून बोट फिरवलं.

"फिनिशिंग बघा," ते बायकोला म्हणाले. "आपल्याकडे असा माल बनतच नाही."

परवानगी मिळाली. पुढच्या वेळी जाल तेव्हा आमच्यासाठीही एक आणा, असं बायकोने सांगितलं.

सकाळी टोपली खाली गेली. कोथिंबीर फटींतून गळते म्हणून आईने आत तिची जुनी पिशवी अंथरली होती. भाजीवाल्याने मान वर केली.

"अम्मा, इतने दिन किधर थी?"

आईने त्याला आधी भेंडी मोडून दाखवायला सांगितलं. मग बराच वेळ ती भांडत होती. मी मागे चहाचा कप धरून उभी होते आणि मला रडू येत होतं.

भाजी निवडताना मी तिला टोपलीचं खरं सांगितलं. मला वाटलं, खोटं बोलले म्हणून ती रागावेल. ती भेंडीची टोकं मोडत राहिली.

"मग मला सांगायचंस ना," ती म्हणाली. "मीच सांगितलं असतं त्यांना, इटलीची आहे म्हणून. त्यासाठी एवढ्या लांब कशाला गेलीस?"