ब्लेसचा तिसरा नमुना

फेब्रुवारीत ग्रोनिंगनला कोण जातं? मी जाते, तेही घोड्यांची लीद आणायला. नवरा म्हणतो, "मजा आहे बुवा तुझी, पगारी सहल." चल की मग बरोबर, म्हटलं की लगेच त्याचं स्लोटरडाइकचं ऑफिस आडवं येतं. तरी कुणाला उत्तरेकडे जायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून लिहिते आहे. पुढे हे भलतीकडे जाणार आहे, तेही आधीच सांगून ठेवते.

मी परभणीची पशुवैद्यक. सहा वर्षं गुरांचं केलं, मग लग्न, इकडे डच मुलखात आल्मेरे, डिपेंडंट व्हिसा. इथे माझी पदवी चालत नाही. आधी डच शिका, मग परीक्षा द्या, मग बघू. तोवर मिळालं ते काम धरलं: एका संशोधन प्रकल्पासाठी नमुने गोळा करायचे. तबेल्यातल्या धुळीनं काही घोड्यांना दम्यासारखा आजार होतो. अशा घोड्यांच्या आतड्यातले जीवाणू निरोगी घोड्यांपेक्षा वेगळे असतात का, ते हे लोक तपासताहेत. आधी आतडं बिघडतं की फुप्फुस, हे अजून कुणाला नक्की ठाऊक नाही. प्रत्येक घोड्याचे तीन नमुने, ऑक्टोबर ते फेब्रुवारी. तोवर चाऱ्यात काही बदल करायचा नाही, नाहीतर जीवाणूही बदलतात आणि घोडा अभ्यासातून बाद होतो.

आल्मेरेहून थेट गाडी मिळाली तर ग्रोनिंगन पावणेदोन तासांवर. सकाळी नऊनंतर निघा, सवलतीच्या कार्डावर भाडं बरंच कमी लागतं. घडीची सायकल असेल तर तिला तिकीट नाही. ग्रोनिंगन स्टेशनातलं जुनं छत मान वर करून बघाच. आणि आयरबाल खा, म्हणजे सारणात अख्खं उकडलेलं अंडं घालून तळलेला गोळा. आपल्या वड्यासारखाच, फक्त तिखट घालायचं राहून गेलेलं.

स्टेशनवर सौरभ कूलबॉक्स घेऊन आला होता. मूळचा पुण्याचा, प्रकल्पाचं सगळं गणित त्याच्याकडे. हुशार आहे, पण घोड्याला हात लावलेला मी तरी कधी पाहिला नाही.

"ताई, आइस पॅक टाकलेत. सतरा नंबरचं थर्ड सॅम्पल काहीही करून आणा हं, मिसिंग डेटा नकोय."

"सतरा नंबरचं नाव ब्लेस आहे."

"हो हो, तेच. सेव्हन्टीन."

पुढे छोटी गाडी, अर्धा तास. मग सायकल. रस्ता सरळसोट, दोन्ही बाजूंना नांगरलेली काळी जमीन आणि वारा समोरून. परतताना तो पाठीशी असेल अशी आशा धरू नका, तेव्हाही तो समोरूनच येतो. वाटेत खायला काही मिळत नाही. डबा न्या.

ब्लेसच्या मालकीण योहानाबाई दारातच उभ्या होत्या. सत्तरी उलटलेल्या, एकट्या राहतात. शेत खंडानं दिलेलं, तबेल्यात एकच म्हातारी घोडी. "मोई," म्हणाल्या. इकडे दिवसभर हाच नमस्कार. मी रबरी बूट चढवले आणि सवयीनं तबेल्याकडे वळले.

आत कुणी नव्हतं. जमीन झाडून, धुऊन काढलेली.

"दोन आठवडे झाले," मागून त्या म्हणाल्या. "श्वासच पुरेना तिला. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन सोडवलं."

ऑक्टोबरात मी याच जागी उभी होते. ब्लेस गवताला तोंड लावायची आणि ढासायची. नाकपुड्या फुललेल्या, श्वास सोडताना पोटाच्या कडेला खोल रेघ पडायची. मी गवताची मूठ उचलून चुरली तर बुरशीची धूळ उडाली. परभणीत शिकाऊ पोरालाही कळलं असतं. योहानाबाईंनी तेव्हा विचारलंही होतं, "गवत भिजवून देऊ का, धूळ बसेल? माझे वडील द्यायचे."

आणि मी म्हणाले होते, "फेब्रुवारीपर्यंत काही बदलू नका." शिवाय छापील कागदावरचं वाक्य वाचून दाखवलं होतं: काळजी वाटल्यास आपल्या पशुवैद्याशी बोला. नमुने घेणाऱ्यानं सल्ला द्यायचा नाही, असा नियम आहे. जानेवारीत माझं कंत्राट वाढायचं होतं. ते वाढलं.

त्यांनी कॉफी दिली. इकडच्या रीतीप्रमाणे डब्यातून एक बिस्किट काढून बशीत ठेवलं आणि झाकण लावून टाकलं.

"डॉक्टरांना लवकर नाही बोलावलंत?" मी विचारलं. विचारायचा अधिकार कुठला होता मला!

"औषध दिलं असतं तर तुमचे आकडे चुकले असते ना? पुढच्या घोड्यांच्या उपयोगी पडेल, असं तुम्हीच म्हणाला होतात."

मग त्या उठल्या आणि फ्रीझरमधून, मटारच्या पिशवीखालून, मीच दिलेली डबी काढून घेऊन आल्या. वर त्यांच्या थरथरत्या अक्षरात सतरा, तारीख, वेळ.

"त्या दिवशी डॉक्टर यायच्या आधी घेऊन ठेवलं. ठरलं होतं ना आपलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डबी कूलबॉक्समध्ये ठेवली. दुसरं काय करणार होते? दाराशी येऊन त्यांनी शांतपणे विचारलं, "भिजवलं असतं तर फरक पडला असता का हो?"

मी म्हणाले, "सांगता येत नाही. अभ्यास चालू आहे."

त्यांनी मान हलवली आणि वारा फार आहे, जपून जा, म्हणाल्या.

ग्रोनिंगनला सौरभच्या हातात डबी दिली. "सुपर, ताई! सेट कम्प्लीट." काय झालं ते सांगितलं. मग त्यानं डबीवरची तारीख तपासली. माझा राग त्याच्यावर नव्हता, पण त्या वेळी त्याच्यावरच निघाला. गाडीत बसल्यावर निदान ओरडल्याबद्दल सॉरी म्हणून मेसेज टाकला.

घरी दार उघडताच लेकीनं नाक मुरडलं. "आई, यू स्मेल लाइक पार्ड." पार्ड म्हणजे घोडा. त्या दिवशी मी एकाही घोड्याला शिवले नव्हते.

प्रवास कसा झाला विचाराल, तर गाड्या वेळेवर होत्या, आयरबाल गरम होता, खर्च प्रकल्पानं दिला. योहानाबाईंच्या प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्यापाशीच राहिलं. त्यांचा फोन नंबर माझ्याकडे आहे. आठवडाभर तो काढते आणि ठेवून देते.

हो, योहानाबाई. फरक पडला असता. मला ऑक्टोबरातच माहीत होतं.

तुम्हाला मराठी येत नाही, म्हणून इथे लिहिलं.