जपानी खानावळवाली आणि आमचे नाना

"तीन भाग. त्याच्या आत तोंड उघडायचं न्हाई."

कुणाला मालिका सुचवली की असं म्हणून नाना तीन बोटं समोर धरायचे. त्यातलं मधलं बोट मागात सापडून अर्धं झालेलं, त्यामुळे ती अडीचच दिसायची. समोरचा हसला की नाना आणखी चिडायचे.

माधवनगरच्या आमच्या यंत्रमाग कारखान्यात नाना जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. खटखटाटात आयुष्य काढून कान जवळजवळ गेलेले. टीव्हीवरचं काही कळेना, तेव्हा कुणीतरी त्यांना मोबाईलवर जपानी ॲनिमे लावून दिलं. खाली हिंदीत संवाद उमटायचे, आवाजाची गरजच नाही. साठीला टेकलेला माणूस, एकदा बघायला लागला तो थांबलाच नाही.

"नाना, कार्टून बघताय व्हय या वयात?" चहाच्या गाड्यावर कुणीतरी हटकायचंच.

"तुमच्या मालिकंतली सून तीनदा मरून परत आली, तवा कुणी इचारलं का तुमचं वय?"

आज नाना नाहीत, पण 'कार्टून' म्हणणाऱ्यांचा मला अजून राग येतो. तुम्ही त्यातले असाल तर पुढचं वाचू नका. नाहीतर आधी तीन भाग बघून या.

मालिका सुचवायची नानांची एक पद्धत होती. आपल्याला आवडली म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात मारायची नाही, आधी माणूस बघायचा. आमच्यातल्या एका तापट विणकराला मारामारीची मालिका हवी होती. नानांनी त्याला चहाचा मळा सांभाळणाऱ्या दोन म्हाताऱ्या बहिणींची दिली. तो तीन दिवस नानांच्या नावाने ओरडत होता. चौथ्या दिवशी सूत तुटलं तरी त्याची शिवी द्यायची राहून गेली. माझं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा मला भुतांची मालिका मिळाली. "प्रेमाची कशाला बघतोस गड्या? घाबर जरा."

स्वतः मात्र ते एकच मालिका पुन्हा पुन्हा बघायचे. बंदरावर खानावळ चालवणारी एक बाई, येईल त्या खलाशाला फैलावर घेऊन पोटभर जेवू घालणारी. ती त्यांनी कधी कुणाला सुचवली नाही.

मग एकदा सांगली रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न ऐकू आला नाही आणि नाना थोडक्यात वाचले. कराडला नोकरी करणाऱ्या मुलाने कानाचं मशीन आणलं. नाना घालेनात, तेव्हा त्याने मला गळ घातली. मी शहाणा! मशीन त्यांच्या कानात बसवलं आणि तीच मालिका मोठ्या आवाजात लावली. "ऐका आता खरा आवाज."

नाना ऐकत राहिले आणि त्यांचा चेहरा पडला. मशीन काढून त्यांनी माझ्या हातात दिलं.

"ही कोण बाई? ही न्हवं ती."

मग खाली बघत म्हणाले, "बायकोचा फोटो हाय माझ्याकडं. आवाज कुठंच न्हाई. ह्या बाईच्या तोंडात मी तिचा आवाज ठिवलाय रं. वाचतो तवा तीच बोलती. तुमचं मशीन तेवढा काढून घेतंय." वर बजावलं, "पोराला सांगू नगंस. आईच्या आठवणीनं रडत बसंल."

तेव्हापासून रस्त्यावर मशीन घालायचे आणि मालिकेला काढून ठेवायचे. मुलगा चिडायचा, "लोक ऐकायला घालतात, तुम्ही ऐकायच्या वेळी काढताय!"

"व्हय, काढतो." बस, एवढंच. कुणापुढे खुलासा केला नाही.

यंदा उन्हाळ्यात नाना सांगलीला दवाखान्यात होते. दोन दिवस पोटात काही नव्हतं, हात उचलवत नव्हता. मी गेलो तर मुलाने मोठ्या मायेने मशीन त्यांच्या कानात बसवून खानावळवाली लावली होती, चांगली मोठ्याने. नाना भिंतीकडे तोंड करून पडले होते.

मी पुढे झालो आणि मशीन काढलं.

"आवं, ऐकू द्या की त्यास्नी!" मुलगा ओरडला. खोलीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"आता ऐकतील," मी म्हणालो. त्याने हात पुढे केला, तरी मशीन दिलं नाही. खिशात टाकलं आणि फोन नानांच्या डोळ्यांसमोर धरला.

पडद्यावर ती बाई कुणाला तरी झापत होती. नानांनी हळूहळू मान वळवली. बराच वेळ अक्षरांवर डोळे फिरत राहिले, मग ओठ हलले.

"जेवतो गं," ते म्हणाले. "वरडू नगंस."