टायरच्या दुकानावरच्या कोलांट्या

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. माणसांनी एखादं बिनकामाचं काम फार मन लावून करायला घेतलं की ते आपोआप साचत जातात, दुकानाबाहेर टाकलेल्या जुन्या टायरात पाणी साचतं तसे. आमचे असेच साचलेत. ओळखीच्या लोकांत बसलो की कुणीतरी म्हणतं, तो कोंबडीचा सांग. तो सांगितला की त्याच्या मागून दुसरा निघतो. तर आता ओळीनंच सांगतो.

आम्ही तिघं. बसवराज, म्हणजे आमचा बसू, याचं उमरग्यात हायवेला टायरचं दुकान आहे. शाहीन ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते. मी एका हाडांच्या दवाखान्यात एक्स-रे काढतो. तिघंही शाळेत एका वर्गात होतो, त्यामुळं आमच्यात अहो-जाहो नाही.

शाहीनच्या भावाची हैदराबादला बदली झाली, तेव्हा तो आपला व्हिडिओ गेम आणि टीव्ही बसूच्या दुकानावरच्या खोलीत ठेवून गेला. छोट्या गाड्यांच्या शर्यतीचा गेम. एकाच मालिकेचे जुन्यापासून नव्यापर्यंतचे सगळे भाग. गाड्या चालवणारी पात्रं एकेक नमुने होती. गॉगल लावलेली कोंबडी, टाय घातलेला गेंडा, गवळण, म्हातारा पोस्टमन. गाडी चढावरून हवेत उडाली आणि नेमकं तेव्हा बटण दाबलं, की पात्र हवेतल्या हवेत एक करामत करतं. कोलांटी, गिरकी, टाळी, असलं काही. पापणी लवेपर्यंत संपतं.

जगभरातल्या हौशी लोकांनी या मालिकेचा इंटरनेटवर एक कोश केलाय. कुठलं पात्र कुठल्या भागात हवेत काय करतं, ते सगळं शब्दांत लिहून ठेवायचं. शाहीनला तो सापडला. त्यात खूप भाषा होत्या, मराठी नव्हती. ती म्हणाली, आपण लिहू. बसूनं विचारलं, "वाचणार कोण?"

शाहीन म्हणाली, "लिहिल्याशिवाय कसं कळंल?"

मग काय, दर रविवारी दुपारी बसायला लागलो.

*

शाहीननं पहिल्याच दिवशी नियम घालून दिला. डोळ्याला दिसतं तेवढंच लिहायचं, मनाचं काही घालायचं नाही. बसूच्या वाट्याला कोंबडी आली होती. त्यानं लिहिलं, "कोंबडी आनंदानं पंख फडफडवते."

शाहीननं विचारलं, आनंदानं कशावरून?

बसू म्हणाला, फडफडवते म्हणजे आनंदच असणार की.

शाहीन म्हणाली, "कापायला धरल्यावर पण फडफडवते."

बसूनं आनंद खोडला. त्या रविवारी त्याच्या घरी जेवणाला कोंबडीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. तसेही ते लिंगायत, खात नाहीत.

*

मग शब्दांवरनं भांडणं सुरू झाली. हवेत पुढून गोल फिरलं तर कोलांटी, हे ठरलं. जागेवर फिरलं तर गिरकी. पण पात्र गाडीसकट उलटं होऊन परत सुलटं झालं तर काय म्हणायचं? बसू म्हणाला, यात विचार कसला करायचा, आमच्या धंद्यातला शब्द हाय, पलटी. आम्हालाही पटला.

एका रविवारी टीव्हीवर गवळण पहिल्यांदाच गाडीसकट उलटली. बसू खिडकीपाशी उभा होता. तो मोठ्यानं ओरडला, "पलटी, पलटी! डावीकडून!"

खाली दुकानात पंक्चर काढायला आलेली गिऱ्हाइकं होती. हायवेवरच्या टायरच्या दुकानात पलटी म्हटल्यावर माणसं काय समजणार? सगळी रस्त्यावर धावली. शेजारचा हॉटेलवाला पाण्याची घागर घेऊन निघाला. एक ट्रक ड्रायव्हर तर पार पुलापर्यंत जाऊन बघून आला. रस्ता मोकळा होता. तो घामाघूम होऊन वर आला आणि विचारलं, कुठाय गाडी?

आता काय सांगणार. शाहीननं टीव्हीवर परत दाखवलं. गवळण उलटली, सुलटी झाली, पुढं गेली. ड्रायव्हरनं शांतपणे बघितलं. अजून एकदा दाखवा म्हणाला. अजून एकदा बघितलं.

"दूध सांडलं न्हाय," तो म्हणाला, आणि खाली जाऊन टायर बसवून घेतलं.

*

त्याच सुमारास बसूच्या लग्नाचं बघणं चाललं होतं. एका रविवारी अणदूरहून मुलीचे मामा न सांगता आले. मुलगा कामाच्या ठिकाणी कसा असतो ते बघावं, असा त्यांचा हिशेब. दुकानात बसूचे वडील होते. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. आप्पा खरं बोलणारे. गोड करून सांगायची सवय नाही.

मामांनी विचारलं, जावईबापू कुठं दिसेनात?

आप्पा म्हणाले, वर बसलेत.

"काय करतात वर?"

"कोंबडी कशी उडते ते लिहितात."

मामांनी विचारलं, पोल्ट्री टाकायचा विचार आहे का. आप्पा म्हणाले, न्हाय. मामांनी विचारलं, मग कोंबडी कुणाची?

"कुणाचीच न्हाय," आप्पा म्हणाले.

मामा चहा पिऊन गेले. हे ऐकल्यावर आम्ही धरूनच चाललो की स्थळ गेलं. बसूनं दोन रविवार कोंबडीला हात लावला नाही, गेंड्यावर काम केलं. आणि तिसऱ्या आठवड्यात होकार आला.

हे कसं झालं, ते लग्नानंतर सुवर्णानं, म्हणजे बसूच्या बायकोनं, सांगितलं. मामांनी घरी जाऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं होतं. घरचे म्हणाले, मुलगा डोक्यानं जरा हलका दिसतोय. सुवर्णानं विचार केला आणि होकार दिला. का, असं शाहीननं विचारल्यावर ती म्हणाली, "रविवारी माणूस कुठं असतोय, एवढं तरी पक्कं कळलं."

*

डावं-उजवं हा आमचा मोठा वाद. पात्र आपल्याकडं पाठ करून असेल तर आपलं डावं तेच त्याचं डावं. पण हवेत ते आपल्याकडं तोंड करून वळलं तर? मी म्हणालो, एक्स-रेमध्ये आम्ही पेशंटचं डावं ते डावं धरतो. शाहीनला ते पटलं. बसूला पटलं, पण डोक्यात बसेना. तो म्हणाला, मी करूनच बघतो.

तो स्टुलावर चढला. गेंड्याची करामत होती. अर्धी गिरकी, मधी टाळी, मग पाय टेकायचे. गिरकी झाली. टाळीपण झाली. मनगट मोडलं.

त्याला मीच दवाखान्यात नेलं, मीच एक्स-रे काढला. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? बसूनं सविस्तर सांगितलं, टाळीसकट. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि केसपेपरवर लिहिलं, स्टुलावरून पडून.

बसूला ते लागलं. तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, पडलो न्हाय. उतरताना झालं."

डॉक्टरांनी खोडलं नाही. बसू प्लास्टर घालून बाहेर आला तर बाकावर शाहीन बसलेली. तिनं आधी विचारलं, दुखतंय का? मग विचारलं, "वळलास कुठून?"

"उजवीकडून," बसू म्हणाला. "त्याच्या."

कोशातली गेंड्याची ती नोंद अजून तशीच आहे. त्यावर कुणी वाद घालत नाही.

*

माझीही सवय बिघडली होती. दवाखान्यात मोटारसायकलवरून पडलेली माणसं रोज येतात. सास्तूरचा एकजण आला, खांदा धरून. त्याला मशीनसमोर उभं करताना मी विचारत गेलो, डावीकडून पडलात का उजवीकडून? गाडीच्या आधी तुम्ही टेकलात का तुमच्या आधी गाडी? हवेत असताना हात कुठं होते?

त्यानं बरंच सहन केलं. शेवटी म्हणाला, "सायब, म्या पडत व्हतो. बघत न्हवतो."

*

आता आप्पांचा सांगतो.

बसूच्या लग्नानंतर वर्ष उलटलं असेल, आप्पांच्या उजव्या अंगावरनं वारं गेलं. पायानं चालायला लागले, बोलणंही परत आलं, पण उजवा हात राहिला. डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला दिला. आप्पा म्हणाले, हे पोरांचं काम. आमच्या दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाई घरी यायच्या. आप्पा त्यांना बसवून चहा पाजायचे, गावाकडची चौकशी करायचे आणि परत पाठवायचे. हात टॉवेलाखाली.

दुकानात बसणंही त्यांनी सोडलं. हायवेवर त्यांना ओळखणारे खूप. जो तो नमस्कार घालायचा आणि आप्पांना नुसता डावा हात उचलावा लागायचा. ते बसूला म्हणाले, "एका हातानं भीक घेत्यात, नमस्कार घेत न्हाईत." त्यानंतर दुकानामागच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडून असायचे. बसू दुकानात हसतमुख असायचा आणि वर येऊन नुसता बसायचा. कितीतरी रविवार आम्ही काहीच लिहिलं नाही.

सुवर्णाच एकदा म्हणाली, त्यांना वर न्या, खाली एकटे कशाला? बसूनं आणि मी दोन्हीकडनं धरून जिना चढवला. खुर्ची दिली. आप्पा टीव्ही बघत राहिले. मग म्हणाले, गेंड्याचं मागचं टायर घासून गोटा झालंय, बदला. एवढंच.

पुढच्या रविवारी शाहीननं गेमचा रिमोट त्यांच्या मांडीवर ठेवला. म्हणाली, आप्पा, जरा धरा, माझ्या हाताला मुंग्या आल्यात. तो रिमोट एका हातानं धरताच येत नाही. आप्पांनी टॉवेल बाजूला केला, उजव्या हातानं त्याला नुसता टेका दिला आणि डाव्यानं गाडी हाकायला लागले. शाहीनच्या मुंग्या त्या दिवशी गेल्या नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारीपण होत्या.

आप्पांना आम्ही पोस्टमन दिला होता, कारण त्याची गाडी सगळ्यात हळू. या पोस्टमनवरनंच शाहीन तेव्हा दुखावलेली होती. ती म्हणायची, तो आणखी एक करामत करतो, टोपी काढून वाकतो, मी एकदा बघितलंय. मी आणि बसूनं बघितलं नव्हतं. तिनं कोशात लिहिलं. कुठल्या तरी परदेशातल्या माणसानं ते काढून टाकलं. म्हणाला, दुसऱ्या कुठल्या भाषेत ही नोंद नाही, पुरावा दाखवा. दिसलं तेवढंच लिहायचं, हा नियम करणारी शाहीन, आणि तिलाच लोक म्हणत होते, तुला दिसलं नसणार. तिनं शेकडो उड्या मारून बघितल्या, पुराव्यासाठी रेकॉर्डिंगचं बटण दाबायचं काम बसूकडं दिलं. पोस्टमन वाकला नाही. एकदा ती मला म्हणाली, मला खरंच भास झाला असंल का रे?

अशाच एका रविवारी सुवर्णाही वर येऊन बसली होती. आप्पांची गाडी नेहमीसारखी शेवटी होती. बाकी सगळे पुढं निघून गेले होते, रस्ता रिकामा. गाडी चढावर आली आणि उडाली. आप्पांनी उजव्या अंगठ्यानं बटण दाबायचं ठरवलं असावं, कारण तो अंगठा निघालेला आम्हाला दिसत होता. तो पोचेपर्यंत गाडी खाली यायला लागली होती. टेकायच्या अगदी आधी बटण दाबलं गेलं.

पोस्टमन सीटवर उभा राहिला. टोपी काढली. आमच्याकडं वळला आणि कमरेत वाकला.

शाहीन उठून उभी राहिली. तोंडावर ओढणी धरली होती तिनं.

आप्पांनी रिमोट मांडीवर ठेवला. डावा हात छातीपाशी आला. मग उजवा निघाला, थांबत थांबत. मधी एकदा खाली जातो असं वाटलं. बसू पुढं झाला, सुवर्णानं त्याचा शर्ट मागून धरला. हात वर आला. बोटं वाकडी होती, तशीच डाव्याला लागली. आप्पांनी मान लववली, समोरच्यानं नमस्कार घातल्यावर लववतात तशी. पडद्यावर पोस्टमनची गाडी ओढ्यात गेली.

मग शाहीननं विचारलं, रेकॉर्डिंग चालू होतं ना? बसूनं नाही म्हणून मान हलवली. बटण दाबायचं राहून गेलं होतं. त्याची नजर आप्पांच्या हातावरच होती.

शाहीन आप्पांच्या खुर्चीजवळ खाली बसली आणि हळूच म्हणाली, "आप्पा, परत एकदा कराल का?"

आप्पांनी तिच्याकडं बघितलं.

"केला की आत्ता," ते म्हणाले. "नमस्कार काय सारखा सारखा करत्यात व्हय?"